घागर, वल्कल आणि नटीचे चित्र : एका ग्रामप्रतिमेचा मराठी प्रवास

नटीच्या छायाचित्रांची जुनी कार्डे हा संग्राहकांचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तिकडे फारसे वळून पाहिलेले नाही. तथापि या कार्डांवरील नटी ज्या रानात, ज्या पाणवठ्यावर, ज्या वृक्षाला टेकून उभी असते ते रान, तो पाणवठा आणि तो वृक्ष बहुधा साहित्यातून आलेले असतात. छायाचित्रकाराच्या दालनात रंगविलेला पडदा टांगताना तेथे काय रंगवावे हे नाटकाने आणि काव्याने आधीच ठरवून दिलेले असते. म्हणून ज्याला पाश्चात्त्य समीक्षेत ‘पास्टरल’ म्हणतात आणि मराठीत गोपकाव्य, जानपद गीत अशा शब्दांनी ज्याच्या जवळपास जाता येते, त्या वाङ्मयप्रवृत्तीचा विचार या कार्डांना वगळून पुरा होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या चित्रांतील ग्रामीण वस्तूंचा आणि त्यांतून निर्माण होणाऱ्या मोहिनीचा परस्परसंबंध हा आहे.

गोपकाव्याची परंपरा इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातील थिऑक्रिटस या ग्रीक कवीपासून सांगितली जाते. सिसिलीचा हा कवी अलेक्झांड्रियासारख्या मोठ्या नगराशी संबंधित होता आणि त्याचे मेंढपाळ नागर वाचकांसाठी बोलत होते. विल्यम एम्पसन यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीचे मर्म सांगितले ते असे की, गुंतागुंतीचे जीवन साध्या जीवनाच्या रूपात मांडणे ही तिची रीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राणीने व्हर्सायच्या बागेत एक लहानसे खेडे बांधविले. ती या वाङ्मयीन रीतीची वास्तुरूप परिणती होती. छायाचित्रणाने ती रीत स्वस्त केली. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटपत्राच्या आकाराच्या छायाचित्राचे पेटंट घेतले. पुढे पोस्टकार्डाचा प्रसार झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या रंगभूमीवरील लिली एल्सी, गर्टी मिलर यांसारख्या नटींची कार्डे घराघरांतील संग्रहवह्यांत जाऊन बसली. फुलांची परडी, गवताचा भारा, झोपाळा, कुंपणाचे लाकडी फाटक ही त्या चित्रांची ठरलेली सामग्री. रात्री विजेच्या प्रकाशात गाणारी ही स्त्री कार्डावर मात्र सकाळच्या कुरणात उभी असे. रंगभूमीवरील स्त्रीविषयी समाजमनात असलेला संशय कुरणाच्या पार्श्वभूमीने निवत असे आणि आकर्षण मात्र अबाधित राहत असे.

मराठी प्रांतात हीच गरज होती, पण येथे कुरणातील मेंढपाळीण आयात करण्याचे कारण पडले नाही, कारण शकुंतला आधीपासूनच उपलब्ध होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे नवे युग सुरू झाले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. त्या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला. १९०५ मध्ये मिरजेस नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत प्रथम उभे राहिले ते शकुंतलेच्याच भूमिकेत. १९४३ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था काढल्यावर पहिला चित्रपट केला तो ‘शकुंतला’, नायिका जयश्री. छापखाना, नटसम्राट आणि चित्रसंस्था या तिघांचाही प्रारंभ एकाच आश्रमकन्येपासून व्हावा हे केवळ योगायोगाने घडलेले नाही. सर्वांना परिचित, पुराणाने पावन केलेली, आणि तरीही मोकळ्या रानात प्रणय करणारी अशी नायिका दुसरी कोणती होती?

रविवर्म्याची जी शकुंतला सर्वाधिक परिचित आहे ती सख्यांसमवेत जाताना मध्येच थांबते, पाय उचलून तळव्यातील काटा पाहण्याचे निमित्त करते आणि मागे वळून दुष्यंताकडे पाहते. या मुद्रेचे मूळ कालिदासाच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस आहे. दर्भाचा अंकुर पायात रुतला, वल्कल कोरांटीच्या फांदीला अडकले, असे सांगून शकुंतला रेंगाळते. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाला हा प्रसंग सांगतो तेव्हा त्याने ते निमित्त ओळखलेले असते. नटीच्या कार्डाचे सारे व्याकरण या एका प्रसंगात सामावलेले आहे. पाहणे हा खरा हेतू. काटा हे त्याचे निमित्त. निसर्गातील वस्तू येथे वर्णनासाठी येत नाही, ती स्त्रीच्या शरीराला एक विशिष्ट वळण घेण्याची सबब पुरविते. वेल पकडण्यासाठी हात वर जातो, हरिणाला चारा देण्यासाठी मान लवते, घागर सावरण्यासाठी कंबर झुकते. कार्डावरील कोणतीही ग्रामीण वस्तू घ्यावी आणि ती काढून टाकल्यास मुद्रेचे काय होईल असा प्रश्न विचारावा. मुद्रा निराधार होते, आणि उघडीही पडते. प्रेक्षकाकडे केवळ पाहण्यासाठी पाहणारी स्त्री त्या काळच्या मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवर लागणे कठीण होते. काटा काढता काढता पाहणारी स्त्री देवादिकांच्या चित्रांशेजारी लागू शकत होती.

घागरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. चित्रातील घागर बहुधा कमरेवर असते. कमरेवरच्या घागरीने शरीराला तीन ठिकाणी बाक येतो आणि शिल्पशास्त्रातील त्रिभंगाची आकृती आपोआप सिद्ध होते. डोक्यावरच्या घागरीचे शास्त्र निराळे आहे. तिला खाली चुंबळ लागते, मान ताठ ठेवावी लागते, नजर समोरच्या वाटेवरून हलविता येत नाही. अशी स्त्री कोणाकडेही वळून पाहू शकत नाही. दहा लिटरची घागर भरली की तिच्यातील पाण्याचेच वजन दहा किलो होते, आणि ते वजन पेलणाऱ्या मानेची शीर चित्रात सौंदर्य म्हणून दाखविता येत नाही. चित्रातील घागर रिकामी असते असे म्हणण्यास कोणत्याही पुराव्याची आवश्यकता नाही. ती धरणारे मनगटच ते सांगते.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. मराठी कार्डांची पहिली ‘नटी’ ही स्त्री नव्हतीच. लुगड्याचा पदर, केसांतील फुले, मान वळविण्याची ढब यांचे जे आदर्श बालगंधर्वांच्या छायाचित्रांतून समाजात पसरले ते एका पुरुषाने घडविलेले होते आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले. याच दृष्टीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’कडे (१९११) पुन्हा पाहण्यासारखे आहे. श्रीमंत भामिनी निर्धन सेनापती धैर्यधराला झिडकारते. पुढे त्याची पारख करण्यासाठी ती गरीब मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत जाते. या वेषातील तिचे नाव वनमाला. खाडिलकरांनी हे नाव सहज योजिले असेल, परंतु गोपकाव्याची संपूर्ण यंत्रणा त्या नावात उभी आहे. धनाढ्य घरातील मुलगी स्वतःच्या रूपात जेथे जाऊ शकत नाही तेथे वनमाला जाते, परपुरुषाशी बोलते, थट्टा करते, प्रेमात पडते. साधा वेष हे तिचे स्वातंत्र्य आहे. आणि तो वेष काढून ठेवता येतो, कारण तिच्या मागे एक वाडा आहे. भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी केली, म्हणजे पुरुषाने स्त्रीचा वेष घेतला आणि त्या स्त्रीने गरिबीचा. प्रेक्षकांना त्यांतील एकाही थराचा विसर पडत नव्हता आणि मोहिनी त्यामुळे कमी होत नव्हती. कदाचित वाढतच असेल.

याउलट मराठीत आणखी एक गोपपरंपरा होती, जिने ग्रामीण स्त्रीला असे निवांत उभे राहू दिले नाही. संतांच्या गौळणींतून तमाशाच्या फडात आलेल्या गणगौळणीत दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दाण मागतात, आणि मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. येथे मडके भरलेले आहे. त्यातील मालाला किंमत आहे, वाटेवर जकात आहे, वेळेत बाजार गाठण्याची घाई आहे. शृंगार आहे तो या व्यवहाराच्या मधूनच वाट काढतो. लोकरंगभूमीने गवळणीचा धंदा विसरला नाही. दालनातील छायाचित्राने तो विसरूनच गवळण स्वीकारली. ‘लावणी’ या शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. त्यांपैकी एक शेतातील लावणीशी जोडलेली आहे. ती ग्राह्य असो वा नसो, भातलावणी आणि शृंगारगीत यांना एकच नाव मिळालेल्या भाषेत कष्ट आणि मोह यांची फारकत स्वाभाविक मानता येत नाही.

भातलावणीचा उल्लेख आलाच आहे, तर ही चित्रे ज्या प्रदेशाचे सौंदर्य मिरवितात तेथून त्यांच्याकडे पाहावे. महाड तालुक्यातील तुडील हे सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील गाव. महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा हा प्रदेश एका बाजूस सह्याद्रीच्या कड्याला आणि दुसऱ्या बाजूस भरतीच्या पाण्याला टेकलेला आहे. डोंगर, नदी, गुरे, गवत, पावसाळ्यातील हिरवी खाचरे, म्हणजे पडद्यावर रंगवावे असे सर्व काही येथे आहे. पण राब भाजून, चिखलात वाकून, पाठीवर इरले घेऊन भात लावणारी स्त्री कार्डाच्या चौकटीत येत नाही. इरले चेहरा झाकते, पाठ झाकते आणि पाहणाऱ्यासाठी काहीच शिल्लक ठेवीत नाही. शिवाय भरतीचे खारे पाणी जेथे आत चढते अशा पट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, हे चित्रातील पाणवठ्यावरून कळण्याचा मार्ग नाही. गावातील पुरुष रोजगारासाठी मुंबईस गेलेला, आणि त्याच मुंबईत गावाकडच्या स्त्रीचे चित्र विकले जात असलेले, ही या प्रतिमेची खरी भूगोलरचना आहे. कोल्हापूरचे आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील लोकांच्या नमुन्यांची जी पोस्टकार्डे चितारली त्यांत हा परस्परसंबंध निदान दिसतो, कारण त्यांतील स्त्रिया शहरात काम करताना आढळतात. नटीच्या कार्डांत तोही धागा तुटलेला आहे.

पाणवठा मात्र याच महाडमध्ये इतिहासाचा विषय झाला. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाल्यावर महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, आणि पुढे १०८ मातीच्या घागरी आणि पंचगव्य यांच्या साह्याने मंत्रोच्चारात तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. दूध, दही, गाय, घागर : गोपकाव्याच्या सामग्रीतील एकही वस्तू येथे अनुपस्थित नाही. तळ्यावरील हक्काचा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास मार्च १९३७ उजाडला. पाणवठ्यावरील सुंदरी हा चित्रविषय ज्या दशकात सर्वाधिक निरागस मानला जात होता, त्याच दशकात पाणवठ्यावर कोणी उभे राहावे हा न्यायालयीन वाद होता. चित्रातल्या स्त्रीला तिची जात कोणी विचारीत नाही. तिची निरागसता या न विचारण्यावर उभी आहे.

याहूनही मार्मिक संबंध वेषभूषेचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि गळ्यातील, हातांतील जे जड दागिने जातीची खूण म्हणून ओळखले जात ते टाकून देण्यास सांगितले. तेथे जमलेल्यांपैकी काही स्त्रियांनी लागलीच आपली नेसण्याची पद्धत बदलली, अशी नोंद आहे. आता हे चित्र नटीच्या कार्डाशेजारी ठेवावे. आखूड नेसलेले लुगडे, चांदीचे जाडजूड गोठ, गळ्यातील सऱ्या ही कार्डावर ग्रामीण लावण्याची चिन्हे होती. दालनात ती अंगावर चढविली जात आणि चित्र काढून झाल्यावर उतरविली जात. महाडच्या मांडवातील स्त्रीला तीच चिन्हे उतरविण्यासाठी परिषद भरवावी लागली. एकीचा तो वेष होता, दुसरीची ओळखपट्टी. भामिनी वनमालेचा वेष घेते तेव्हा तो तिला मोकळीक देतो. जिला मागे वाडा नाही तिच्यासाठी तो वेष म्हणजे वाट अडविणारे दाण आहे.

मराठी समीक्षेने जानपद गीतांवर जो आक्षेप घेतला तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९२० नंतरच्या दोन दशकांत यशवंत, गिरीश, ग. ल. ठोकळ आदी कवींनी ग्रामीण भाषेत आणि ग्रामीण पात्रांच्या मुखी प्रेमगीते घातली. ही खेडूत पात्रे म्हणजे खेड्याचा पोशाख केलेले शहरी प्रेमिक आहेत, असे पुढे ग्रामीण साहित्याच्या चर्चेत वारंवार म्हटले गेले. आक्षेप बव्हंशी योग्य आहे, पण तो कवितेपुरता ठेवल्याने अपुरा राहिला. जानपद गीत आणि नटीचे ग्रामचित्र एकाच वाचकवर्गाच्या हाती पडत होते. मासिकाच्या एका पानावर एक आणि मुखपृष्ठावर दुसरे अशीही स्थिती पुढे आली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिनदर्शिकांनी व मुखपृष्ठांनी स्वातंत्र्योत्तर काळात ही प्रतिमा रंगांच्या जोरावर घरोघर नेली, तोपर्यंत तिची पात्रे ठरून गेली होती. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला जो धक्का बसला त्याचे एक कारण हेही असावे की, येथे प्रथमच शेतातील स्त्री पाहिली जात नव्हती, ती स्वतः पाहत होती.

अर्थात कार्डांवरील नटीला या फसवणुकीची सूत्रधार मानणे अन्यायाचे होईल. कलावंतिणींच्या घरांतून किंवा फडांतून आलेल्या स्त्रीला छायाचित्रासाठी बसणे हाच एक सामाजिक धोका होता. रविवर्म्याच्या चित्रांसाठी गोव्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर बसल्याचे सांगितले जाते. गायिका म्हणून ज्या घरात तिला दिवाणखान्यापलीकडे प्रवेश नव्हता, त्या घरात पौराणिक नायिका म्हणून तिचा चेहरा देवघरापर्यंत पोचू शकत होता. आश्रमाचे कुंपण तिच्या प्रतिष्ठेचेही कुंपण होते. दुर्गा खोटे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये आल्यानंतर प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना चित्रपटाचा मार्ग काहीसा मोकळा झाला, तरी हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन (१९७०) वाचणाऱ्यास पडद्यावरील ग्रामसुंदरी आणि ती उभी करणाऱ्या स्त्रीचे जीवन यांतील अंतर किती होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपटाने या प्रतिमेला एकदा तरी चोख उत्तर दिले आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) गौरी यांनी उभी केलेली आवली म्हशीजवळ वावरते, भांडते, पोरांना पोसते, देवालाही शिव्या देते. येथे दुधाचे भांडे आहे, जनावर आहे, खेडे आहे, पण एकही वस्तू निमित्त म्हणून आलेली नाही. म्हैस काढून टाकली तर आवलीची मुद्रा उघडी पडत नाही, तिचे घर उपाशी राहते. आवलीत मोहिनी नाही असे म्हणता येईल काय? प्रेक्षकांनी तिच्यावर केलेले प्रेम पाहता तसे म्हणणे धाडसाचे होईल. फरक इतकाच की तिच्याकडे पाहताना प्रेक्षकाला तिचे कामही पाहावे लागते.

पुन्हा शाकुंतलाकडे वळायचे तर चित्रकारांची आणि छायाचित्रकारांची आवडती शकुंतला पहिल्या आणि तिसऱ्या अंकांतील आहे. झाडांना पाणी घालणारी, कमलपत्रावर पत्र लिहिणारी. वल्कलातही तिचे रूप खुलून दिसते, किंबहुना अधिकच खुलते, असे दुष्यंत पहिल्या अंकात म्हणतो; साध्या वेषाच्या मोहिनीचा सिद्धान्त सांगणारा हा नगरातून आलेला राजा आहे, हे अध्यापनात सहसा अधोरेखित होत नाही. चौथ्या अंकात ती राजधानीस निघते तेव्हा वल्कल पुरत नाही. आश्रमवृक्षांनी दिलेली रेशमी वस्त्रे आणि अलंकार तिला घालावे लागतात. अनसूया आणि प्रियंवदा गोंधळतात, कारण त्यांनी कधी अलंकार वापरलेले नाहीत. कोणता दागिना कोठे घालावा हे त्यांना ठाऊक आहे ते केवळ चित्रांत पाहिल्यामुळे, आणि त्या आठवणीवर विसंबून त्या सखीला सजवितात. पाचव्या अंकात, दरबारात, त्या वेषातील शकुंतलेला राजा ओळखत नाही.